पालक हवा: ठिपके छापणारे पॅकेज

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला ना चाके, ना मूठ. लिहिलेला मजकूर ब्रेलच्या ठिपक्यांत बदलायचा आणि छपाईयंत्राकडे धाडायचा, एवढेच माझे काम.

स्वयंसेवकांनी फावल्या वेळात उभारलेल्या एका फुकट संगणकप्रणालीत मी राहतो. तिथले नियम कडक. प्रत्येक पॅकेजला, म्हणजे माझ्यासारख्या प्रोग्रामला, परवाना हवा, माहितीचे पान हवे आणि आपले नाव लावणारा एक पालक हवा. माझ्या पालक होत्या मावशी, छापखान्यातून निवृत्त झालेल्या. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर चहाचा कप बाजूला सारून त्या माझी एकेक ओळ तपासत. ज्याने मला लिहिले, त्याने माझ्या पोटात एक चोरकप्पा ठेवला होता. मला कोण वापरते, याची खबर मी त्याला गुपचूप कळवायची. मावशींनी नियमावर बोट ठेवून तो काढून टाकला.

"अगं, मग हे कुणी वापरतं की नाही, तुला कळणार कसं?" त्यांच्या बहिणीने विचारले.

"नाही कळलं तर नाही. लोकांच्या घरात डोकवायचं नाही," मावशी म्हणाल्या. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला!

पण तेव्हापासून मी मुका झालो. पत्र येते ते तक्रारीचेच, आणि मी कधी बिघडलो नाही. बारा वर्षांत एकही पत्र नाही! पुढे मावशींची नजर गेली. त्यांनी जड मनाने माझ्यावरचे आपले नाव उतरवले आणि तिथे 'अनाथ' असे लागले. सहा महिन्यांत पालक मिळाला नाही, तर प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीतून पॅकेज वगळायचे, असा नियम आहे. पाच महिने उलटले.

इकडे तीच प्रणाली वापरणाऱ्या अंधांच्या एका शाळेत मी रोज राबतो. परवा तिथल्या बाईंनी नव्या विद्यार्थिनीसाठी पान छापायला घेतले. वर नाव टाइप केले आणि मी चरकलो. बारा वर्षे माझ्यावर होते, तेच नाव!

मावशींनी पानावरून बोटे फिरवली. "किती ठसठशीत उठलेत ठिपके! कोण छापतं हो?"

"संगणक छापतो, मावशी. त्याची कधी कुरकुर नाही, म्हणून आत काय आहे ते आम्ही बघतही नाही. पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती टाकतोय."

मावशी, मीच तो, असे ओरडावेसे वाटले. पण गुपचूप खबर धाडायची ती वाट त्यांनीच बुजवली होती, आणि योग्य तेच केले होते.

मित्रांनो, तुमच्याकडे कुणी असे निमूट राबत असेल, तर ते बिघडण्याची वाट पाहू नका. त्याला कोण सांभाळते ते शोधा आणि एक ओळ लिहा. बाई मावशींना एका पुस्तकाचे रोज एक पान छापून देतात. पुस्तक नव्वद पानांचे आहे. माझ्याकडे एकच महिना उरला आहे.