चिमटा वर गेला की देवी बोलते

दुपारचे तीन वाजायचे होते आणि आमच्या टॉकीजबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. दरेकशाहून गाडीनं आलेली माणसं होती, मुर्रीहून ऑटोत कोंबून आलेल्या बाया होत्या, एका म्हाताऱ्याला तर खाटेसकट उचलून आणलं होतं. टॉकीज बंद पडून जमाना झाला. आता तिथं लग्नं लागतात. पण त्या दिवसांत लग्नं नव्हती, चमत्कार होता.

मूकनाथ महाराज नावाचे एक बाबा तिथं देवीचा मुका सिनेमा दाखवत. काळा-पांढरा, ओरखडे पडलेला, आवाज नाही. देवी येते, हात वर करते, ओठ हलवते. ज्याची श्रद्धा खरी त्याला तिचा आवाज ऐकू येतो, आणि ऐकू आला की रोग गेला. दमा, मूळव्याध, मूल न होणं, पोरगं दहावीत नापास होणं, सगळं एकाच रिळात बरं होत होतं. रीळ म्हणजे पेन ड्राइव्ह. तो लाल कपड्यात गुंडाळून आरतीच्या ताटातून यायचा, त्याला हळदकुंकू लागायचं, आणि मग माझा भाचा हेमेंद्र काडीनं त्यातलं कुंकू कोरून काढून तो लॅपटॉपला लावायचा. टॉकीज आता हेमेंद्रच सांभाळतो, आणि प्रोजेक्टरही त्याचाच.

मी प्रेमिला. इथल्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं हे गावाला ठाऊक आहे, त्यामुळे मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले ती रामकलीच्या पोरीसाठी.

रामकली माझी जुनी विद्यार्थिनी. तिची योगेश्वरी सातवीत आहे, आणि तिला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि हाडं अशी ठणकतात की धडधाकट गडी आडवा होईल. रोजची गोळी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गोळी चालू होती तोवर पोरगी शाळेत लंगडी खेळत होती. बाजारात रामकली भेटली तेव्हा मी सहज विचारलं, गोळ्या आहेत ना घरात?

"गोळ्या बंद केल्या, मॅडम."

"काऊन?"

"बाबा सांगते, इंग्रजी गोळी कानाले बूच मारते. गोळी खाल्ली का देवी ऐकू येत नाही."

"आणि आता येते?"

"मले आली न जी! पोरीलेबी आली. आता दुखत नाही म्हणते."

"अगं बाई, डॉक्टरांना तरी विचारायचंस!"

"मॅडम, तुमी शाळेतच बऱ्या होत्या," रामकली म्हणाली, आणि वांगी निवडायला लागली. मला असा राग आला की मी माझी पिशवी तिथंच विसरून घरी आले.

म्हणून दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला मी टॉकीजमध्ये. खुर्च्या भरलेल्या, सतरंज्या भरलेल्या. गुडघे दुखतात म्हणून मी पडद्याखालच्या पायरीवर बसले, पडद्याकडं पाठ आणि लोकांकडं तोंड करून. असं बसायची सवय आमच्या घरात जुनी आहे.

माझे आजोबा उदेलाल मुक्या सिनेमाच्या काळात तंबू घेऊन जत्रांमधून फिरायचे. प्रतापगडच्या जत्रेत त्यांचा तंबू ठरलेला. पण सिनेमा त्यांनी स्वतः कधी पाहिला नाही. ते पडद्याखाली स्टूल टाकून, पडद्याकडं पाठ करून बसायचे. "सिनेमा तिकीट काढणाऱ्यानं पाहावा, मी तिकीट काढणाऱ्याले पाहतो," म्हणायचे. कुणाची विडी हातातल्या हातात विझली, कोण जांभई देतं, कोणाचं लेकरू रडतं तरी आई हलत नाही, हे सगळं ते टिपून घ्यायचे. सकाळी तंबू झाडताना भुईमुगाच्या टरफलांकडं बघायचे. टरफलांचा ढीग पडला म्हणजे सिनेमा फुसका. लोकांचं तोंड चालू होतं. टरफलं कमी म्हणजे माणसं खायचं विसरली, सिनेमा आणखी दोन दिवस ठेवायचा.

आणि सिनेमा अगदीच फुसका निघाला तर चैतराम होता. हा आजोबांचा ठेवलेला माणूस. पुढच्या रांगेत बसायचा, जोरात हसायचा, गळा काढून रडायचा. एक रडला की शेजारचा रडतो, मग रांग रडते. फक्त चैतरामनं तोच सिनेमा इतक्या वेळा पाहिला होता की पडद्यावरचा माणूस घसरून पडायच्या आधीच हा हसायचा. आजोबा खेकसायचे, "अरे लेका, तो अजून पडला कुठं? तू कायले हसून राहिला?" ही गोष्ट सांगताना आजोबांना म्हातारपणीही हसू आवरायचं नाही.

तर मी पायरीवर बसले आणि बाबा आले. भगवी कफनी, हातात लांब चिमटा. तेही पडद्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून उभे राहिले. तिथंच मी धंदा ओळखला.

"भक्तों!" बाबा गरजले. "गोली पेट में, बूच कान में! बूच निकालो! जिसकी श्रद्धा पक्की, उसको माँ की आवाज पक्की! आँख बंद, कान खुला!"

अख्ख्या टॉकीजनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. चौथ्या रांगेतल्या हिरव्या लुगड्यातल्या बाईनंही मिटले नव्हते. तिचा एक डोळा बारीक उघडा होता आणि तो बाबांच्या चिमट्यावर होता. चिमटा वर गेला. "बोलली वो माय, बोलली!" करून बाई आडवी झाली. मी मान वळवून पडद्याकडं पाहिलं. देवी अजून हात वर करत होती. ओठ मिटलेलेच होते.

चैतराम! माझ्या तोंडून नाव निघता निघता राहिलं.

पाठोपाठ मागच्या भिंतीजवळचा एक जण ओरडला, मग दारातला एक. हे तिघं झाले आणि मग सगळीकडून सुरू झालं. बायका हुंदके द्यायला लागल्या, बाप्ये थरथरायला लागले. गावातला टेकचंद, भाताचा मोठा शेतकरी, "आलं, आलं, ऐकू आलं!" म्हणत गालावर थपडा मारून घेत होता. रामकली रडत होती. आणि तिच्या बाजूला योगेश्वरी बसली होती. ती रडत नव्हती. तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला होता, दोन्ही हातांनी मांडी दाबून धरली होती, आणि तिच्या कपाळावर घाम होता.

सगळ्यांचे डोळे मिटलेले. ते पोर दुखण्यानं पिळवटत होतं आणि पाहणारी मी एकटी.

खेळ संपल्यावर मी त्यांना दारात गाठलं. "योगेश्वरी, पाय दुखतो का गं?" पोरीनं आधी आईकडं पाहिलं. "नाही दुखत, मॅडम," म्हणाली आणि लंगडत गेली.

मी हेमेंद्रला धरलं. मला वाटलं होतं, हा बाबांची बाजू घेऊन भांडेल. तो खाली मान घालून म्हणाला, "आत्या, एक विचारू? मी रोज देवीच्या सगळ्यात जवळ बसतो. मले एक डाव बी ऐकू नाही आलं. माह्यातच काही खोट असन का?"

"खोट तुझ्या टाळक्यात आहे," मी म्हणाले. "उद्या मी सांगते ते करायचं."

दुसऱ्या दिवशी तीनला तीच गर्दी. बाबा आले, बूच झालं, पेट झालं, आँख बंद झालं. मी पायरीवरून हेमेंद्रला खूण केली. त्यानं देवी बंद केली आणि आपल्या लॅपटॉपमधलं दुसरंच काही लावलं, आवाज बंद करून. बाबांची पाठ पडद्याकडं, त्यांना पत्ता नाही. चिमटा वर गेला. हिरव्या लुगड्यातल्या बाईनं अर्ध्या डोळ्यानं पडदा पाहिला असणार, कारण ती क्षणभर घोटाळली. पण चिमटा वर गेला होता, म्हणून पडली. भिंतीजवळचा ओरडला. दारातला ओरडला. मग हुंदके, थरथर, "ऐकू आलं, माय, ऐकू आलं!" सगळं रोजच्यासारखं.

"डोळे उघडा!" मी उभी राहून ओरडले. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज आहे माझा, तो अजून शाबूत आहे. "सगळ्यांनी डोळे उघडा आणि समोर पाहा!"

पडद्यावर टेकचंद होता. त्याच्या पोराच्या, टिंकूच्या, याच टॉकीजमध्ये लागलेल्या लग्नातली पंगत चालली होती आणि टेकचंद बुंदीची परात घेऊन आग्रह करत फिरत होता. खाली टेकचंद हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून उभा होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"हा तं मीच आहो," खालचा टेकचंद म्हणाला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा मागं वळले, त्यांनी परात पाहिली, आणि मानलं पाहिजे, ते डगमगले नाहीत. "माँ का कोई भी रूप हो सकता है! आज माँ ने अन्नपूर्णा का रूप लिया!"

"मिशीसकट?" मी विचारलं. "बरं, काय म्हणाली अन्नपूर्णा? टेकचंदभाऊ, तुम्हाला ऐकू आलं ना? काय बोलली ते सांगा."

टेकचंद आपल्या पायांकडं बघायला लागला. मी हिरव्या लुगड्याकडं वळले, तर ती सतरंजी सोडून दाराकडं निघाली होती. मी लोकांना सांगितलं: ती एक डोळा उघडा ठेवते, चिमटा वर गेला की पडते, देवीचे ओठ हलायच्या आधी पडते. ती, भिंतीजवळचा आणि दारातला, हे तिघं बाबांचे ठेवलेले. बाकीचे तुम्ही, शेजारचा रडला म्हणून रडलात. "यात लाज कसली? माणूस माणसाकडं पाहूनच रडतो. पण खरं सांगा, ऐकू कोणाला आलं?"

आत्ता एकही तोंड उघडलं नाही तर उद्या पुन्हा तीनचा खेळ आहे आणि त्या पोरीच्या पोटात गोळी जाणार नाही, एवढंच मला दिसत होतं.

"मले नाही आलं."

रामकली उभी होती. "मले कदीच नाही आलं. बाजूची रडली, मी रडली. नाही म्हणलं असतं तं लोकं म्हणाले असते, हिचीच श्रद्धा कच्ची, म्हणून हिची पोरगी बरी होत नाही." मग तिनं खाली पोरीकडं पाहिलं. "तुले तं आलं होतं न, बाई?"

योगेश्वरीनं तोंडातला ओढणीचा बोळा काढला.

"नाही, माय. तू खुश होती म्हणून मी हो म्हणलं." आणि मग तिचा बांध फुटला. "दुखून राहिलं वो, माय. लय दुखून राहिलं. रोज दुखते."

रामकलीनं तिला उचलून घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, लेकरासारखं. कुणी थरथरलं नाही. त्या टॉकीजमध्ये खरोखर ऐकू आलेला आवाज तेवढा एकच होता, आणि तो सगळ्यांना आला. टेकचंदनंच १०८ ला फोन लावला. या गडबडीत बाबा मागच्या दारानं निघून गेले. आता पोलीस त्यांना शोधत आहेत. चिमटा तिथंच राहिला. लग्नाच्या आचाऱ्याला त्याचा पापड भाजायला उपयोग होतो.

योगेश्वरी दवाखान्यातून घरी आली. गोळी रोज घेते, मी स्वतः विचारते. सिकलसेल गोळीनं नाहीसा होत नाही, आटोक्यात राहतो. हे मी तिला खरं तेच सांगितलं आहे. परवा ती म्हणाली, "मॅडम, आज गुडघा दुखते." तिनं आपणहून सांगितलं, म्हणून मला बरं वाटलं.

तुमच्या गावातही कुणीतरी येईल. त्याचा पडदा वेगळा असेल, चिमटा वेगळा असेल. तो म्हणेल, डोळे मिटा. तेव्हा मिटू नका. पडद्याकडं पाठ करून बसा आणि आपल्या माणसांच्या तोंडाकडं नीट पाहा. कोण कुणाच्या खुणेवर पडतं ते दिसेल. आणि कोण तोंडात बोळा धरून बसलंय, तेही दिसेल.