पहिल्या तीन बाणांचा मान

आमच्याकडे कुठल्याही कामाला आधी पाहुणा लागतो. बोअरला पाणी लागलं, बोलवा पाहुणा. अंगणवाडीला रंग दिला, बोलवा पाहुणा. हळ्ळीखेडच्या शाळेत मी बावीस वर्षं खेळाचा मास्तर आहे. पोरांनी माझं डोकं कधी फिरवलं नाही एवढं या पाहुण्यांनी फिरवलंय.

दीपमाला ही दुबलगुंडीच्या अंकुशरावांची मुलगी. सहा वर्षं माझ्याकडे तिरंदाजी शिकली, शाळा सुटली तरी सराव सोडला नाही. यंदा बंद हॉलमधल्या आंतरराष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धेत तिचं नाव लागलं. पहिली फेरी ज्याने त्याने आपल्याच गावात खेळायची. अठरा मीटरवरून साठ बाण, तीन-तीन करून. तीन मारून झाले की बाण लक्ष्यात रुतलेले असतानाच फोटो काढायचा आणि मगच ते उपटायचे. असे वीस फोटो पाठवायचे आणि खाली साक्षीदाराची सही, की फोटोतले बाण जसे लागले तसेच आहेत. फोटो नाही तर गुण नाहीत, आणि एकदा सुरुवात केली की पुन्हा पहिल्यापासून नाही. पहिल्या सोळा जणी अंतिम फेरीला परदेशी जाणार. स्पर्धा एकवीस वर्षांखालच्यांची. दीपमालाला पुढच्याच महिन्यात एकवीस पूर्ण होणार होती, म्हणजे ही शेवटची संधी.

शाळेत अठरा मीटरची खोली नाही, म्हणून बसवंतप्पांचा फंक्शन हॉल मागितला. तूरडाळीचे मोठे व्यापारी, माणूस दिलदार, लगेच हो म्हणाले. आणि मी शहाणा, कुणी विचारलं नसताना बोलून बसलो, "उद्घाटन तुमच्याच हस्ते, अप्पा."

दहाची वेळ ठरली होती. अप्पा साडेअकराला आले. मग हार, शाल, नारळ आणि दोन भाषणं, एक कन्नडात, एक मराठीत. दीपमाला कोपऱ्यात उभी, खांदे गार पडू नयेत म्हणून हात फिरवत होती. आतून माझा नुसता जळफळाट चालला होता आणि तोंडावर हसू.

शेवटी एकदाची ती रेषेवर आली. दहा, दहा, नऊ. पहिल्याच तीन बाणांत एकोणतीस! हॉल टाळ्यांनी दणाणला. मी मोबाइल घेऊन पुढे निघणार, तेवढ्यात अंकुशराव हात जोडून म्हणाले, "अप्पा, पहिला मान तुमचा. बाण तुमीच काढा."

अप्पा उठले. गुडघे दुखतात त्यांचे, सावकाश चालत लक्ष्यापाशी गेले, लोकांकडे वळून हसले आणि एकेक करून तिन्ही बाण उपटले. फोटो निघाले की, भरपूर निघाले. सगळ्यांत अप्पा, गळ्यात हार, हातात बाण, आणि मागे मोकळं लक्ष्य.

काय घोटाळा झाला ते मी सांगितलं तेव्हा अंकुशरावांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, "सर, त्याच भोकात परत खुपसा की. कोन बघायलंय? लागलेच व्हते न्हवं का तितं?"

"खोटं काय हाय त्यात, मास्तर?" अप्पाही म्हणाले.

दीपमाला लक्ष्यापाशी जाऊन बघून आली. "सर, भोकं साफ दिसायलीत. बरोबर तितंच बसतील."

"नाही," मी म्हणालो. "सही माझी आहे. खोटी सही मी करणार नाही." आवाज चांगलाच चढला होता माझा. खरं सांगतो, एवढ्या लोकांसमोर ते बोलताना मला बरंही वाटलं.

पहिल्या तीन बाणांपुढे शून्य लिहिलं. पुढचे सत्तावन्न बाण ती मारत राहिली. पाचशे एकोणचाळीस! सरावातही कधी इतकं मारलं नव्हतं.

आठवड्याने यादी आली. सोळाव्या मुलीचे पाचशे साठ. ते एकोणतीस मिळाले असते तर हिचे पाचशे अडुसष्ट झाले असते. मी यादी बंद केली आणि तणतणत दुबलगुंडी गाठली. ओसरीवर अंकुशराव भेटले, त्यांना फैलावर घेतलं. कुणी सांगितला होता तुम्हाला हा मानपान? सहा वर्षांची मेहनत घालवलीत पोरीची! अंकुशराव खाली बघत "चुकलं, सर, चुकलं" एवढंच म्हणत राहिले.

दीपमाला आतून आली. "बापूंना कामून बोलायलाव, सर? त्यांना काय ठाव फोटोचं? तुमाला तर ठाव व्हतं."

"अगं, पण मी..."

"अप्पा खुर्चीवरनं उठून तितपर्यंत चालत गेले. किती येळ लागला त्यांना! मी तुमच्याकडंच बघायलते. आता वरडतील, मग वरडतील. तुमी हसत उभे व्हता."

"एवढ्या लोकांत मोठ्या माणसाला कसं थांबवायचं, दीपमाला?"

"व्हय. त्यांना न्हाई म्हनता आलं न्हाई तुमाला," ती म्हणाली. "मला मातर लगेच न्हाई म्हनलाव."

अंकुशराव तिच्यावर ओरडले, सरांशी असं बोलतात का म्हणून. ती आत गेली आणि धनुष्याची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. "शाळेची हाय. घेऊन जावा."

मी पेटी उचलली.