लांबलेली फेरी

जीवननं जीप वस्तीवर आणली आणि उतरायच्या आधीच हाळी दिली, "माय, मांजरसुंब्याला तुझं हेलिकाप्टर आलंय!" आप्पारावांना हातातला चहा एकदम कडू लागला.

जीवन त्यांचा थोरला. केज ते मांजरसुंबा वडापची जीप चालवायचा. त्यानं सांगितलं ते असं, की ढाब्यासमोर एक लांबलचक ट्रेलर स्प्रिंगचा पाटा तुटून उभा आहे आणि त्याच्यावर दोरखंडांनी आवळलेलं जुनं हेलिकॉप्टर आहे. पुढं काचेचा गोळा, मागं नुसत्या नळ्यांची शेपटी. बघायला ही गर्दी लोटलीय.

"काचंचं डोस्कं हाय का?" त्याच्या आईनं, बायडाबाईंनी विचारलं.

"डोस्कंच. आत बसलेला मानूस पायापस्तोर दिसंल असं."

बायडाबाई लोकर पिंजत बसल्या होत्या. ती तशीच टाकून त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या नातीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून. आप्पारावांनी ते लुगडं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. तालुक्याच्या दवाखान्यात जातानाही जी बाई अंगावरचं बदलत नाही, तिनं एक जुनाट यंत्र बघायला ठेवणीतलं काढावं?

"म्या बी येतो," ते म्हणाले.

"गुडघं दुखत्यात म्हनला होता की सकाळी."

"दुखू दे."

गुडघ्यांपेक्षा जुनं दुखणं त्यांच्या मनात होतं. बायडाबाईंचं माहेर माजलगावकडचं, सिंदफणेच्या काठाला. धरण व्हायच्या आधीची गोष्ट. एका साली कापसावर कीड पडली आणि फवारणीला हेलिकॉप्टर आलं. गावाबाहेरच्या माळावर फवारणीवाल्यांचा तंबू पडला. बायडाबाईंचे वडील आश्रुबा तिथं दूध घालायचे, कधी लेकीच्या हाती पाठवायचे. काम संपलं तेव्हा पायलट म्हणाला, कुणाला वर यायचं असेल त्यानं यावं. पाटील बसले, मास्तर बसले. गावावरून एक गिरकी, की खाली. पुढं कुणाची छाती होईना, तेव्हा दुधाची किटली घेऊन उभी असलेली बायडा आत जाऊन बसली.

आणि इथंच सगळं बिघडलं. बाकीच्यांची फेरी पान चघळून होईतो संपली होती. बायडाची काही संपेना. हेलिकॉप्टर धारूरच्या डोंगराकडं गेलं, दिसेनासं झालं, आणि लोक आभाळाकडं बघून बघून माना चोळायला लागले तेव्हा परत आलं. पोरगी उतरली ती हसत. सुपारी आधीच फुटली होती, म्हणून लग्न मोडलं नाही. पण हळदीच्या आधी ती गोष्ट डोंगर ओलांडून आप्पारावांच्या कानावर आली होती.

"कुठं गेलतीस?" त्यांनी नव्या नवरीला विचारलं होतं.

"वर."

"मंग?"

"मंग खाली आले."

पन्नासएक वर्षांत ह्यापुढं एक अक्षर नाही. गोचीड कशी लोकरीच्या आत बसून फुगत जाते, वरून हात फिरवला तर कळतही नाही, तसा तो संशय आप्पारावांच्या अंगावर वाढला. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी तिला माहेरी धाडलंच नाही. मेंढरं कोण बघंल, हे एक कारण पुरायचं. त्यातच तिची आई गेली. ही दोघं पोचली तेव्हा राख सावडून झाली होती. बायडाबाई नदीकाठी बसून रडल्या, आणि आप्पाराव लांब उभे राहून विचार करत होते, हिचे डोळे त्या माळाकडं कावून लागलेत?

मांजरसुंब्याला गर्दी फोडून पुढं जावं लागलं. कुणी म्हणत होता इलेक्शनचं आहे. कुणी म्हणत होता, "ह्याच्यात कोटीचा लाल पारा असतोय बे, म्हनून चोरून न्यायलेत." ट्रेलरच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. गोरा, वाळलेला, कानात ऐकायचं यंत्र. आप्पारावांनी त्याला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, तरी बघताक्षणी ओळखलं. इतक्या वर्षांत वैऱ्याचंही वय होतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हाताऱ्याजवळ पन्नाशीची एक बाई उभी होती. ती त्याची लेक, रुद्राणी. बायडाबाईंनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "हे माझे बाबा, कॅप्टन राजेश्वर. तरुणपणी हेच चालवायचे. हैदराबादला भंगारात सापडलं. नाशिकला एक जण अशी जुनी यंत्रं जमवतो, त्याच्याकडं चाललंय. बाबांनी सोबत यायचा हट्टच धरला." मग तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "तुमचं काय काम होतं? त्यांना दमवू नका. आता फारसं आठवत नाही त्यांना."

बायडाबाई म्हाताऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, वळीकलं का?"

कॅप्टननं डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. "माफ करा बाई. नाही."

बायडाबाईंचा चेहरा पडला. आप्पारावांनी तो पडलेला पाहिला आणि त्यांना बरं वाटलं. पण पाठोपाठ दुसरा विचार आलाच. लेक शेजारी उभी असताना हा ओळख कसा दाखवंल? पक्का नाटकी दिसतोय.

"माजलगावच्या अल्याड," बायडाबाई सांगू लागल्या. "कापसाची फवारनी होती. म्या दुधाची किटली मांडीवर घिऊन बसले. तुमी म्हनला, खाली ठिव, सांडंल."

म्हाताऱ्याची मान हळूच वर आली. "दारं काढून ठेवायचो आम्ही," तो म्हणाला, पण ते त्यांना नव्हे, ट्रेलरवरच्या यंत्राला सांगितल्यासारखं. "औषधाचा वास जाता जायचा नाही. कपड्यांना, भाकरीला, सगळ्याला तोच. खाली काच, काचेखाली कापसाच्या ओळी पळायच्या. मी झाडाच्या शेंड्याला हात लावता येईल इतकं खालून न्यायचो..." तो बायडाबाईंकडं वळला. "किटली. पितळेची. तू हसत होतीस! बाकी सगळे डोळे घट्ट मिटून बसले, आणि तू हसत होतीस."

'बाई'चं 'तू' झालं. आप्पारावांनी ते बरोबर टिपलं.

"आणि मला डोंगरापलीकडं न्यायला लावलंस."

काठी टेकत आप्पाराव पुढं झाले. "कुठं? कुठं नेलंत हिला?"

"आजोबा, हळू," रुद्राणी मधे आली.

"तुमी थांबा बाई. म्या ह्यांना इचारतोय. कुठं गेलतात तुमी दोघं?"

बायडाबाईंनी नवऱ्याच्या दंडाला धरलं, "अवो, ऱ्हाऊ द्या ना." त्यांच्या आवाजातली ती अजिजी ऐकून आप्पारावांची खात्रीच झाली. पण कॅप्टन मात्र खळखळून हसत होता.

"नवरा बघायला! हिचं लग्न ठरलं होतं आणि हिनं नवरा पाहिलाच नव्हता. म्हणाली, डोंगरापल्याड लिंबाखाली मेंढरांचा वाडा असतो, तिथं तांबड्या पटक्याचा असतो, एवढा दाखवा. गेलो. खाली उतरलो, अगदी खाली. तिघं मेंढपाळ होते. दोघं जे पळाले ते थेट ओढ्यात! आणि तिसरा, तो तांबड्या पटक्याचा..." हसण्यानं त्याला ठसका लागला. "तो मेंढीच्या पोटाखाली शिरला! मेंढी उभी, आणि हा खाली तोंड मातीत खुपसून!"

तांबडा पटका तेव्हा आप्पाराव बांधायचे.

त्या दिवसांत ते यंत्र डोंगराच्या दोन्ही अंगांना घोंघावत फिरायचं. एकदा ते वाड्यावर आलं होतं. फुफाटा उडाला, मेंढरं उधळली, सोबतचे दोघे पळाले. लंगडी मेंढी एकटी राहिली म्हणून आप्पाराव तिच्याकडं धावले. तिच्या पायांना मिठी मारून ते मातीत पडून राहिले. मेलो, असंच वाटलं होतं. ते दोघे परत आले तेव्हा आप्पाराव कपडे झटकून उभे होते. ही गोष्ट त्यांनी आईला सांगितली नव्हती, भावाला सांगितली नव्हती. हे ठाऊक असणार ते फक्त वरून बघणाऱ्याला. आता संशयाला तरी कुठून जागा काढायची?

"मग केलंस का लग्न त्याच्याशी?" कॅप्टननं विचारलं.

"केलं की. हे काय, हेच ते," बायडाबाई म्हणाल्या.

कॅप्टनचं हसू विरलं. त्यानं घाईनं हात जोडले. बायडाबाईंनी मात्र मान हलवली. "आन साहेब, तुमी अर्धंच बघितलं. दोघं मेंढरं टाकून पळाले. ह्यो लंगडीला धरून बसला. म्या परतताना तेवढंच मनात धरून आले, की मानूस टाकून जानारा न्हाई."

"मंग मला कावून सांगितलं न्हाईस?" आप्पारावांचा आवाज फाटला.

"कसं सांगू? पोरगी लग्नाआधी नवरा बघायला आभाळातून गेली म्हनल्यावर तुमच्या आईनं उंबरा ओलांडू दिला असता? आन तुमी मेंढीखाली होता, हे कळलं असतं तर जलमभर गावानं हसून घेतलं असतं तुमाला. म्या म्हनलं, मला बोलतेत तर बोलू दे."

आप्पाराव ट्रेलरच्या चाकाला टेकून खाली बसले. कुणी तरी पाण्याचा ग्लास आणून दिला.

तेवढ्यात ट्रेलरच्या ड्रायव्हरनं बायडाबाईंना वर चढवलं. काच पिवळी पडली होती, चरे पडले होते. त्या आतल्या बाकड्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. "पायाखालचं दाबू नकोस!" कॅप्टन खालून ओरडला, जणू यंत्र आता उडणारच होतं. रुद्राणीला हसू आलं, मघाचा ताठा निघून गेला, आणि तिनं मोबाईलवर त्यांचा फोटो काढला.

परतताना जीप जीवनच चालवत होता. आप्पाराव नेहमी पुढं बसायचे, आज मागं बायकोशेजारी बसले. गाडी केजच्या रस्त्याला लागली तेव्हा म्हणाले, "तुझ्या मायच्या येळंला म्या..."

"ते बोलू नका," बायडाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात दार लावून घेतलं होतं. "ते न्हाई भरून यायचं."

आयुष्यभर आप्पारावांनी बायकोकडून उत्तर मागितलं होतं. आता उत्तर मिळालं, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्यापाशी काहीच नाही, हे त्यांना उमगलं. नेकनूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुलली होती.

"वरून म्या केवढा दिसत होतो?" त्यांनी हलकेच विचारलं.

बायडाबाईंनी त्यांच्याकडं रोखून पाहिलं. ह्या प्रश्नाच्या मागं अजून काही दडलंय का, ते त्या चाचपत होत्या. मग त्यांनी बोटाचं पेर दाखवलं.

"आधी एवढा. मंग यंत्र खाली गेलं तसा मोठा मोठा व्हत गेला."

"आन नदी?"

"नदी लई येगळी दिसती वरून," त्या म्हणाल्या. "खालून ती आमच्या गावाला आडवी गेलेली वाटायची. वरून बघितली तर सगळं गावच तिच्या कडंला चिकटल्यावानी दिसलं. मायचं घर हुडकलं म्या. पत्र्यावर मिरच्या वाळत टाकल्या होत्या तिनं, त्याच्यावरून वळीकलं."