झाकलेले आरसे

१९८६ सालचा उन्हाळा. जयपूरच्या शास्त्रीनगरात सुभेदार सर्जेराव मोहित्यांच्या घरातले सगळे आरसे त्यांच्या पत्नी अनुसयाबाईंनी जुन्या लुगड्यांनी झाकून टाकले होते. पाहुण्यांना सांगायला आंधीची धूळ होतीच. खरं कारण वेगळं होतं. लेकीची, अलकाची, हनुवटी हळूहळू डावीकडे सरकत चालली होती, आणि त्या वाकड्या तोंडात अनुसयाबाईंना मेलेली नणंद दिसत होती.

नणंदेचं, पार्वतीचं, तोंडही असंच फिरलं होतं. बाधा झाली म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं. पुढे तोंड उघडेना, खाणं सुटलं आणि बिचारी झिजून गेली. आता अलका भाकरी चावू लागली की कानाजवळ कट्ट असा आवाज यायचा. पार्वतीच्या जबड्यातून यायचा तोच आवाज! अनुसयाबाईंच्या हातातला घास हातातच राहायचा. गल्लीतला भाजीवाला भैया लिंबं देऊन थकला, पण उतारे काही लागू पडेनात.

"आई, मतलब... माझ्या तोंडात आत्या बसलीय का?" अलकाने एक दिवस विचारलं. तिचं तोंड आता जेमतेम दोन बोटं उघडत होतं. ते ऐकून सर्जेराव ताडकन उठले आणि दोघींना मिलिटरी इस्पितळात घेऊन गेले.

मेजर चिटणीसांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. पांढरी कवटी उजळली. अनुसयाबाईंनी डोळे घट्ट मिटले.

"बघा तरी, बाई. उजव्या कानापुढे जबड्याचा सांधा आहे, तिथं हाड वाढलंय. त्यानं जबडा ढकललाय. कॅन्सर नाही. ऑपरेशन करून काढू."

"पर डॉक्टरसाहेब, माझ्या नणंदंचं बी तोंड असंच फिरलं हुतं. तीच आलीया."

"त्यांना कुणी डॉक्टरकडे नेलं होतं?"

"न्हाई."

"मग त्यांनाही कदाचित हेच असेल. तुमच्या घरात भूत आलेलं नाही, बाई. तुमच्या घरात एक आजारी माणूस होतं."

अनुसयाबाईंना रडू आवरेना.

ऑपरेशन झालं. बोराएवढी गाठ निघाली, हनुवटी जागेवर आली, आवाज थांबला. घरी येताच अनुसयाबाईंनी आरसे उघडे केले.

वाचकहो, घरात कुणाचा चेहरा बदलू लागला तर आधी दवाखाना गाठा. बाधा म्हणून दार लावून घेतलं की आत माणूस मरतं.

त्या पितृपक्षात अनुसयाबाईंनी पहिल्यांदाच पार्वतीच्या नावाचं पान वाढलं. भाकरी वाढली नाही. भात मात्र अगदी मऊ शिजवला होता.