खरा कचरा

साहेबांनी तिच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र दाण्यांची पिशवी ठेवली. "उद्या पाहुण्यांसमोर हेच भट्टीत टाका."

"हे तर कोरं प्लास्टिक आहे, सर. पाहुणे कचऱ्याचं तेल बघायला येतायत."

"तेल तेच निघतं ना? मग कोण विचारतंय!"

प्रयोगशाळेत तिला सगळे भट्टीवाली म्हणत. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्या. तिचा उत्प्रेरक, म्हणजे एक पांढरी पावडर, तापलेल्या भट्टीत त्या साखळ्यांचे तुकडे पाडायची आणि नळीतून तेल ठिबकायचं. कोऱ्या दाण्यांवर ती पावडर राजासारखी चालायची. घराघरातला खरकटा, मिसळलेला कचरा दिला की मात्र पावडरीच्या अंगावर काजळी चढायची आणि ती मान टाकायची. हे साहेबांनाही पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांचा जन्म पिशव्यांच्या कारखान्यात मशीन चालवण्यात गेला होता. "आम्ही जोडून ठेवलं, तू तोडत बसलीस," ही त्यांची नेहमीची थट्टा. आज मात्र ते थट्टेवर आले नाहीत.

"नोकरी जाईल?"

"जाईलही."

"मग जाऊ दे. खोटं बोलायला अंगात कसब लागतं, पोरी. आपल्या घराण्यात ते कुणालाच जमलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पाहुणे खुर्च्यांवर बसले. भट्टीवालीने दाण्यांची पिशवी बाजूला सारली आणि घरच्या डब्यातला कचरा बाहेर काढला: दुधाच्या पिशव्या, तेलाचं पाकीट, फाटका रेनकोट, बिस्किटांचे कागद. समोरच्या रांगेत नाकाला रुमाल लागले. साहेब तिच्या कानाशी येऊन दात आवळून म्हणाले, "हे काय चाललंय?"

"कचऱ्याचं तेल काढतेय, सर."

भट्टी तापली. नळीतून पिवळसर थेंब पडू लागले, तशा टाळ्या पडल्या. मग थेंब मंदावले आणि थांबले. साहेबांनी घाईघाईने चहा मागवला.

"चहा नंतर," ती मोठ्याने म्हणाली. तिने मागच्या खेपेची काळी पडलेली पावडर बाटलीतून सगळ्यांना दाखवली. "आमची पावडर अशी दमते. जाळून पुन्हा पांढरी करता येते, पण दर वेळी थोडी अशक्त होते. कोऱ्या दाण्यांवर ती छान चालते, आणि आज तुम्हाला तेच दाखवायचं ठरलं होतं. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सुटला असं मी म्हणणार नाही."

मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "या पावडरीला सगळ्यात जास्त काय बाधतं?" त्या बाई शहरातलं कचरा वेगळा करण्याचं केंद्र चालवत होत्या.

"खरकटं. आणि रेनकोट, पाइप यांचं प्लास्टिक. त्यातून आम्ल सुटतं."

"ते तर आम्ही हाताने वेगळं काढू शकतो."

पाहुणे पांगताच साहेबांनी तिच्याकडून प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. "माफी मागितलीत तर विचार करू."

"कशाची?" एवढंच विचारून तिने पर्स खांद्याला लावली. जिना उतरताना तिला रडू येत होतं. पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात केंद्राच्या बाईंनी आपल्या शेडचा एक कोपरा तिला रिकामा करून दिला. तिथे नवी, लहान भट्टी उभी राहिली. बायका पिशव्या धुऊन द्यायच्या, रेनकोट आणि पाइप वेगळे काढायच्या. तरी पावडर दमायचीच. भट्टीवाली चिडायची, पावडरीची कृती बदलायची, पुन्हा भट्टीत टाकायची. कित्येक महिने असेच गेले. मग एका दिवशी सकाळी सुरू झालेलं तेल संध्याकाळ झाली तरी थांबेना. शेवटी घरी जायचं म्हणून त्यांनीच भट्टी बंद केली.

बातमी पसरली, तसा साहेबांचा फोन आला. "परत या. फक्त बाहेर काय बोलायचं ते आम्ही ठरवू."

"मग नाही जमणार," ती म्हणाली. फोन ठेवून तिने हातमोजे चढवले आणि धुतलेल्या पिशव्यांचा पुढचा ढीग भट्टीकडे ओढला.