एकटीला विचारावं

आतून बाहेर येताच बनुबाईनं पदर सारखा केला आणि धाकट्या बहिणीला सांगितलं, "जा, तुला बलावलंय. काय न्हाई, आसंच इचारत्यात."

शेवगावच्या नोंदणी कार्यालयात दोघी बहिणी सकाळपासून बाकावर बसून होत्या. भाऊ आसाराम दारात ताटकळत उभा होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली होती. आज बहिणी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडणार होत्या. घरोघरी चालतं तसंच. आसाराम काही वाईट नव्हता. आईचं शेवटपर्यंत त्यानंच केलं, पंचमीला दोघींना न्यायला न चुकता यायचा. मात्र येताना गाडीत समोर बघत तो म्हणाला होता, की कागद झाला म्हणजे माहेर माहेरासारखं राहील. नाही झाला तर काय, हे दोघींनाही कळलं होतं.

धाकट्या राजेश्वरीला हिस्सा नकोच होता. नगरला घर होतं, पेन्शन होती. त्यात ती राज्याच्या महिला सल्लागार परिषदेवर. जमिनीसाठी भावाशी भांडली, असं लोकांच्या कानावर जाणं तिला नको होतं. बनुबाईची गोष्ट वेगळी. नवरा गेल्यापासून ती देवळाली प्रवऱ्याला पुतण्याच्या पडवीत राहत होती आणि लोकांच्या उसात खुरपायला जात होती. तिच्याशी एकदा बोलायला हवं, असं राजेश्वरीच्या मनात आलं होतं. पण राहून गेलं.

आतल्या खोलीत दीपा नावाची तरुण कारकून होती. राजेश्वरीला ओळखून ती उठून उभी राहिली.

"मॅडम, तुमच्याच परिषदेनं सांगितलंय, म्हणून विचारावं लागतं."

राजेश्वरीनं मान हलवली. या एका शिफारशीसाठी ती बैठकांमागून बैठका भांडली होती. परिषदेनं सल्ला द्यायचा, हुकूम नाही. त्यातले बहुतेक सल्ले फायलीतच धूळ खात पडायचे. हा एक कसाबसा बाहेर पडला होता: हक्क सोडणाऱ्या बहिणीला भावाच्या माघारी, एकटीला, बाईनंच विचारावं. उद्या हा प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नाही म्हणतं का कोणी?" तिनं विचारलं.

"अजून तरी कोणी नाही." दीपा जराशी घुटमळली. "आत्ता तुमच्या बहिणीला विचारलं, तर म्हणाल्या, धाकटी लई शिकलेली, सरकारला सल्ला देती. ती सोडती म्हंजी सोडायचंच आसंल. माझं बी तेच लिवा."

राजेश्वरीला लाज वाटली, आणि लाजेमागून स्वतःचाच राग आला. हक्क सोडण्याआधी विचार करा, असं जिल्हाभर ती बायकांना सांगत फिरली होती. सख्ख्या बहिणीला मात्र तिनं तोंडानं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तरीही बहीण तिचंच ऐकत आली होती.

"तुम्ही स्वतःच्या मर्जीनं हक्क सोडताय का?" दीपानं ठरलेला प्रश्न विचारला.

मर्जी तर होती.

"नाही," राजेश्वरी म्हणाली.

ती बाहेर आली. आसारामनं तिचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता तो पायऱ्या उतरून गाडीकडे चालू लागला. त्याला हाक मारावी असं तिला फार वाटलं. तिनं मारली नाही. ती बहिणीशेजारी जाऊन बसली.

"काय म्हनलीस?" बनुबाईनं विचारलं.

"नाही म्हणाले, आक्का."

बनुबाई कितीतरी वेळ भावाच्या पाठीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आतल्या खोलीचं दार तिनं स्वतःच ढकललं, आणि उंबऱ्यातच उभी राहून दीपाला म्हणाली,

"बाई, मला परत इचारा."