सोमवारच्या आत

हाल्बेराचं कामच सहली आखून देण्याचं. उत्तरेकडच्या थंड बेटावरच्या सेल्फॉस गावातल्या एका लहानशा प्रवास कचेरीत ती अकरा वर्षं नोकरीला होती. जगभरातून लोक लिहायचे: आमच्याकडे दोनच दिवस आहेत, धबधबे, हिमनद्या, समुद्रकिनारा, सगळं बसवून द्या. ती बसवून द्यायची. या धबधब्याला चाळीस मिनिटं, त्याला अर्धा तास, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटांकडे पाठ करू नका, हिमनगांच्या तळ्यावर अंधार पडायच्या आत पोचा. स्वतः ती मात्र सहा वर्षांत त्या रस्त्यानं विक गावाच्या पुढे गेली नव्हती.

कारण घरी वडील होते. एविंदुर बहात्तर वर्षांचे. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला डायलिसिस. हाल्बेरा साडेपाचला उठायची, त्यांचे बूट चढवायची, दवाखान्यात सोडायची, कचेरीत जायची आणि दुपारच्या सुट्टीत त्यांना घरी आणायची. दिवसभरात त्यांना लिटरभरच पाणी. त्यात कॉफी, सूप, दूध सगळं आलं. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर ती घोट न् घोट लिहून ठेवायची.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी बटाटे सोलताना ते म्हणाले, "मला एकदा पूल बघायचाय."

कुठला पूल, हे विचारायची गरजच नव्हती. एकविसाव्या वर्षी ते पूल बांधणाऱ्या टोळीत होते. स्केइदाराऊ नदीच्या वाळवंटात हिमनदीचं पाणी वाट्टेल तिथून वाहायचं. पलीकडच्या लोकांना राजधानीला यायचं तर अख्ख्या बेटाला उलटा वळसा पडायचा. चौऱ्याहत्तर साली या टोळीनं जवळजवळ किलोमीटरभर लांबीचा पूल टाकला आणि रस्ता पुरा झाला. शहाण्णवच्या पुरानं त्याचा तुकडा वाहून नेला, तेव्हाही एविंदुर दुरुस्तीला गेले होते.

"तिथे आता नदी नाहीये बाबा," हाल्बेरा म्हणाली. "हिमनदी मागे सरकली, पाणी दुसरीकडून जातं. पूल बंद आहे."

"मला ठाऊक आहे. नदी बघायचीय असं कुठे म्हटलं मी?"

ती आखणी करायला बसली. शुक्रवारी डायलिसिस झालं की सोमवारी सातपर्यंतची मोकळीक. शुक्रवारी ते गळून गेलेले असायचे, म्हणजे उरले शनिवार आणि रविवार. जाताना क्लाउस्तुर गावी मुक्काम, रविवारी पूल, जमलं तर हिमनगांचं तळं आणि संध्याकाळी परत. दर तासाला स्वच्छतागृह हवं. पाहुण्यांसाठी हे काम ती वीस मिनिटांत उरकायची, इथे चार संध्याकाळी गेल्या.

एविंदुर पेन्सिल घेऊन तिच्या कागदावर काट मारत होते. "हा धबधबा कशाला? प्लॅस्टिकचे झगे घालून माणसं त्याच्या मागून चालतात."

"वाटेतच आहे. आणि तिथे चांगलं स्वच्छतागृह आहे."

"मग तसं लिही ना. धबधबा काय लिहितेस?"

नॉर्वेत राहणाऱ्या तिच्या भावाचा, ओर्रीचा, फोन आला. "एवढी दगदग कशाला करतेस? विमानानं घेऊन जा त्यांना."

"तू येतोस का घेऊन जायला?"

"अगं, मी नुसतं सुचवलं."

"सुचवणारे मला दिवसभर भेटतात, ओर्री."

पहिल्या शनिवारी वादळ आलं. नकाशावर रस्ता लाल झाला, म्हणजे बंद. वाळवंटात वारा असा की गाडीचा रंग खरवडून निघावा. पुढच्या आठवड्यात एविंदुरांना ताप. तिसऱ्या शुक्रवारी हाल्बेरा हवामान बघत बसली होती आणि तिच्या लक्षात आलं, की आपण रस्ता बंद होण्याची वाट बघतोय. तिला कुठेच जायचं नव्हतं. तिला दोन दिवस कुणाचे बूट चढवायचे नव्हते, एवढंच. पण शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं, वाऱ्याचं नाव नव्हतं, आणि एविंदुर टोपी घालून दाराशी बसले होते.

तासाभरात सेल्यालांड्सफॉस धबधबा आला. वडील स्वच्छतागृहातून परत येईपर्यंत टेकावं, म्हणून तिनं गाडीतली खुर्ची जराशी मागे केली. जाग आली तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूला गेलं होतं. शेजारी एविंदुर बसले होते. भुवया ओल्या, कोटावर बारीक तुषार.

"किती वाजले?"

"सव्वा."

"दहाला पोचलो होतो आपण! उठवलं का नाहीस मला?"

"जाऊन आलो जरा धबधब्यापर्यंत." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "हे लिहून ठेवायचं का फ्रिजवर?"

तिला हसू आलं नाही. सगळी आखणी कोसळली होती. पुढचा धबधबा, स्कोगाफॉस, गाडीतूनच बघितला. काळ्या किनाऱ्यावर पंधरा मिनिटं थांबले; एविंदुर खाली उतरलेच नाहीत. लाटा गर्जत पुढे येत होत्या आणि त्यांच्यासमोर फोटोला उभ्या असलेल्या माणसांकडे बघून ते म्हणाले, "यांना तू पत्रात लिहितेस ना, पाठ करू नका म्हणून?"

"दर पत्रात."

"वाचत नाहीत."

"नाही वाचत."

क्लाउस्तुरला पोचेतो संध्याकाळ झाली. एविंदुरांची पावलं सुजली होती. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, खळगा बराच वेळ तसाच राहिला. परत फिरावं का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "बूट काढूनच झोपतो, पण फिरायचं नाही."

रविवारी सकाळी ते वाळवंटात शिरले. दोन्ही बाजूंना करडी वाळू, डावीकडे लांबवर मळकट बर्फाची हिमनदी, उजवीकडे समुद्र असावा अशी नुसती चमकणारी रेघ. नवा रस्ता एका आखूड पुलावरून गेला आणि शेजारीच जुना पूल दिसला. कोरड्या वाळूत उभा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली पाण्याचा थेंब नव्हता. खांबांभोवती झुडपं उगवली होती.

हाल्बेरानं त्यांना हाताला धरून कठड्यापर्यंत नेलं. त्यांनी एक डोळा मिटून कठड्याच्या रेषेत पाहिलं. मग कठड्यावर थाप मारून म्हणाले, "सरळ आहे अजून."

"वाईट वाटतंय?"

"पुलाचं? छे. त्यानं आपलं काम केलं. नदी गेली त्याला तो काय करणार?" ते वाऱ्याला पाठ देऊन वळले. "हाल्बेरा, खोलीचं पत्र आलंय."

"कसली खोली?"

"दवाखान्यामागच्या वृद्धनिवासात. जूनमध्ये अर्ज केला होता, परिचारिकेनं भरून दिला. एक ऑक्टोबरपासून."

तिला वाटलं, वाऱ्यात आपण चुकीचं ऐकलं. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"अर्थात म्हणाले असते!"

"म्हणून नाही विचारलं."

"माझं काय चुकलं? कुठे कमी पडले मी?" ती ओरडत होती, दूर उभ्या गाडीतल्या एका बाईनं मान वळवून पाहिलं.

"कुठेच नाही. तोच तर त्रास आहे." एविंदुरांचा आवाज चढला नाही. "काल तू तीन तास झोपलीस. शेजारी बसवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला, तू हललीसुद्धा नाहीस. तोंड उघडं. तुझी आई आजारी असताना अशी झोपायची. मी घाबरलो. दोनदा नाकाशी हात धरून बघितला."

"मग ही सहल यासाठी होती? हे सांगायला?"

"सहल पुलासाठीच होती. पत्राचं सांगायला इकडे बरं. घरी सांगितलं असतं तर तू उठून भांडी घासायला लागली असतीस."

हे खरं होतं. तिच्या मनात पहिला विचार आला तो पहाटेच्या साडेपाचचा: ऑक्टोबरपासून उठायला नको. खांद्यावरून कुणीतरी ओझं उतरवावं तसं हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची इतकी लाज वाटली, की तिला त्यांच्याकडे बघवेना. ती रडायला लागली. एविंदुरांनी खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का बघितलं, नव्हता, तरी दिला.

"तिथे सूप अळणी देतात म्हणे," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"मी करते तेही अळणीच असतं."

"म्हणजे फरक नाही पडायचा."

तळं आणखी पन्नास-साठ किलोमीटर पुढे होतं. त्यांनी विचारलं, "जायचंय तुला?"

"तुला?"

"मला नाही."

"मलाही नाही."

तिनं गाडी वळवली. परतीच्या वाटेवर तिला त्यांना बरंच काही म्हणायचं होतं, त्यातला राग कुठला आणि कृतज्ञता कुठली हे तिला वेगळं करता येईना. विक गावात कॉफी घेतली, एक कप दोघांत. संध्याकाळी सहाला ते घरी होते. सोमवारी सातला ती त्यांना घेऊन दवाखान्यात हजर होती.

एक ऑक्टोबरला एविंदुर त्या खोलीत गेले. दोन पेट्या, आईचा फोटो आणि रेडिओ, एवढंच सामान. ओर्री आला नाही, पण त्यानं फुलं पाठवली. हाल्बेरा दर संध्याकाळी तासभर जाऊन बसायची; पुढे पुढे एक दिवसाआड. थकवा मात्र लगेच गेला नाही. महिनाभर ती कचेरीतून येऊन कोट न काढताच सोफ्यावर बसायची आणि तशीच अंधार होईपर्यंत बसून राहायची. नोव्हेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी तिनं उठून स्वतःपुरते मासे तळले, भरपूर मीठ घालून, आणि ताट घेऊन टेबलापाशी नीट बसून जेवली.